कोणाला दिलीस रे?

"पूर्ण नाव सांग ना, आडनावासकट."

आज बडोद्याच्या दांडिया बाजारात खोली बघायला आलेल्या विद्यार्थ्याला घरमालकांनी विचारलं. आडनाव ऐकलं आणि खोली एकदम "कालच दिलेली" निघाली.

जिन्यात भाजी निवडणाऱ्या शेजारच्या आजींनी मान वर केली. "कोणाला दिलीस रे? सकाळी तर रिकामी होती."

आवाज चढवला नाही, भाषण नाही. पण घरमालकांना उत्तर देता येईना. मला आजींचा फार अभिमान वाटला.

१९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना याच बडोद्यात पारशी विश्रामगृहातून लाठ्या दाखवून बाहेर काढलं होतं. सयाजीरावांच्या नोकरीत असूनही! पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. कायदा आहेच, पण जिन्यात बोलायला माणूसच लागतो.

तुमच्या इमारतीत असं झालं, तर कोण बोलतं?