तुम्ही विचारलेत म्हणून: तो मेला कसा?

दगडातला शेवंड, म्हणजे लॉब्स्टरचा जीवाश्म, दाखवला की प्रश्न ठरलेला असतो, ‘हा मेला कसा?’ वादळ, गाळ, प्राणवायूचा अभाव अशी उत्तरे मी वर्षानुवर्षे दिली. पण तो मेलाच होता, हे तुम्ही गृहीत धरता, तसे मीही धरले होते, आणि त्यात एक नमुना बिघडला.

इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर अ‍ॅदरफिल्डच्या चिकणमातीत सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचे शेवंड दगडी गोळ्यांत सापडतात. तिथल्या थरांना ‘लॉब्स्टर बेड’ असेच म्हणतात. त्यातला एक गोळा माझ्याकडे साफ करायला आला. सुईने कण कण माती काढल्यावर दिसले, की पाठीचे कवच शेपटीच्या पहिल्या वळ्यापासून सुटून वर उचलले गेले आहे आणि मधल्या फटीत राखाडी गाळ भरला आहे. मला ती मोडतोड वाटली. मी गाळ खरवडला, कवच खाली बसवले, गोंद लावला. नमुना देखणा झाला. काही महिन्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जुने छायाचित्र पाहून विचारले, ‘ही फट कुठे गेली?’ कात टाकताना शेवंड नेमका तिथूनच बाहेर पडतो. कवच रिकामे असतानाच गाळ आत शिरला होता का, हे कदाचित त्या गाळावरून कळले असते. तो मी कचऱ्यात टाकला होता.

माझ्या बाजूने एवढे सांगतो, की प्रेत कुजतानाही पाठीचे कवच आणि शेपटी यांना जोडणारा पडदा तिथेच फाटतो, त्यामुळे नुसत्या फटीवरून निर्णय होत नाही. तरी प्रेत आणि कात यांतला फरक मोठा आहे. कात टाकण्यापूर्वी शेवंड जुन्या कवचातला बराच चुना शोषून घेतो. अशी नाजूक कात अखंड उरली, तर तळ शांत होता आणि गाळ लवकर बसला, असे मानावे लागते, आणि कातींचा थर म्हणजे जगणाऱ्या, वाढणाऱ्या प्राण्यांचा समुद्रतळ. याउलट बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या खारकच्छांत (समुद्राकाठच्या उथळ खाऱ्या तळ्यांत) तळाचे पाणी खारट आणि प्राणवायूविना होते. तिथल्या मेकोकिरस या शेवंडासारख्या प्राण्याबद्दल ‘मेला कसा’ हे विचारणे योग्यच आहे.

माझ्या गोळ्याच्या चिठ्ठीवर मी ‘मृत प्राणी’ असे लिहिले होते. ते खोडले आहे. त्याजागी ‘कात’ असे मात्र अजून लिहिलेले नाही.