केबल क्लच ते हायड्रॉलिक, अपडेट 3: रिव्हर्स आता करकरत नाही

मंडळी, गाडी काल स्वतःच्या क्लचवर गॅरेजबाहेर आली. मागच्या वेळी लिहिलं होतं की सगळं बसवून झालंय फक्त तेलातली हवा काढायची बाकी आहे, पण तसं नव्हतं, खरं काम तिथूनच सुरू झालं.

जे आत्ता वाचायला आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिन बदलल्यावर केबल एक्झॉस्टला खेटून जायला लागली, वळण फार तीव्र झालं, पेडल जड आणि खरखरीत, दोन केबल तुटल्या. म्हणून पेडलवर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) आणि गिअरबॉक्सवर स्लेव्ह (त्या तेलाच्या जोरावर क्लचचा लिव्हर हलवणारा). केबल लिव्हरला ओढते आणि स्लेव्ह ढकलतो, त्यामुळे स्लेव्ह लिव्हरच्या पलीकडच्या बाजूला गेला, त्याचा ब्रॅकेट 6 मिमी पट्टीचा केला आणि बेलहाऊसिंगच्याच (क्लचवरचं आवरण) दोन बोल्टवर धरला. ब्रॅकेट अजिबात वाकत नाही, त्या कामावर मी खूश आहे.

आता रिव्हर्स करकरण्यामागची चूक कुठे झाली ते. केबल असतानाच मी एक गोष्ट मोजून ठेवली होती, लिव्हर किती सरकला की रिव्हर्स आवाज न करता पडतो. 13 मिमी, त्यात 2 मिमी फ्री प्ले (क्लच दाबायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) धरून. हे माप ज्यांना हे काम करायचंय त्यांनी केबल काढायच्या आधीच घ्या, नंतर मिळत नाही. मास्टर घेतला 15.87 मिमी बोअरचा (आतला व्यास), स्लेव्ह 22.2 चा. क्षेत्रफळ साधारण 198 आणि 388 चौरस मिमी, म्हणजे मास्टर जितका सरकेल त्याच्या निम्म्याहून जरा जास्त स्लेव्ह सरकणार. मास्टरचा पूर्ण स्ट्रोक 28 मिमी, म्हणून कागदावर 14 मिमी आले आणि मी निर्धास्त झालो. पण पेडल त्याला 28 मिमी ढकलतच नव्हतं! पेडलचा पॅड 135 मिमी खाली जातो, माझा पेडलचा रेशो 5.5 (पॅड 5.5 मिमी गेला की पुशरॉड, म्हणजे मास्टरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी, 1 मिमी), म्हणजे पुशरॉड 24.5 सरकतो, त्यातला 1 मिमी पुशरॉडच्या ढिलाईत आणि अजून साधारण 1 मिमी पिस्टन टाकीकडे जाणारं आतलं छोटं भोक बंद करेपर्यंत जातो. उरले 22.5, म्हणजे लिव्हरवर साडेअकराच्या आसपास.

आणि लिव्हरवर प्रत्यक्ष मोजलं तर साडेदहाच. हवा राहिली असेल म्हणून तीनदा ब्लीडिंग केलं (हवा काढली), काही फरक नाही. शेवटी भावाला पेडल दाबायला बसवलं आणि मी बॉनेटखाली टॉर्च घेऊन बघत राहिलो, तर मास्टर अख्खा पुढे येत होता, फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पत्रा 2 मिमी फुगत होता. केबलच्या वेळी त्या जागेवर एवढा जोर एका ठिकाणी येत नव्हता. आतून 3 मिमीची प्लेट लावली, ती पेडल बॉक्सच्या बोल्टपर्यंत नेली, पत्रा हलायचा थांबला आणि आकडा साडेअकरावर आला. तरी दीड मिमी कमीच.

पेडलचा रेशो बदलायचा मोह झाला होता पण पिनचं भोक सरकवलं की पुशरॉड तिरका होतो आणि सील एका बाजूनं झिजतं, ते नको. मास्टर बदलला, 17.46 मिमी. क्षेत्रफळ 239, लिव्हरवर हिशोबानं 13.9 आणि मोजून 13.8. पेडल आधीपेक्षा साधारण 20 टक्के जड झालं, पण केबलच्या खरखरीपुढे ते लोण्यासारखं वाटतं, पाय उचलताना क्लच नेमका कुठे धरतोय ते कळतं. 19.05 चा पण हाताशी होता, मुद्दाम नाही लावला, त्यानं 16 च्या वर गेलं असतं आणि प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला दाबून धरणारी) बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली गेली असती, मग पेडलला स्टॉपर लावावाच लागला असता.

हवा काढताना एक अडचण आली. माझ्या ब्रॅकेटमध्ये स्लेव्हचा निपल (हवा काढायचं तोंड) वर न येता आडवा येतो, त्यामुळे बुडबुडा वरच्या कोपऱ्यात अडकतो आणि पेडल कितीही मारा निघत नाही. दोन बोल्ट काढून स्लेव्ह निपल वर करून धरला, पिस्टन आत दाबून ठेवला आणि मोठ्या सिरिंजनं निपलमधून डॉट 4 (क्लचचं तेल) वर मास्टरकडे ढकललं. हवेला तसंही वरच जायचं असतं, दहा मिनिटांत पेडल कडक. मास्टरची टाकी मात्र आधी अर्धी रिकामी करा, माझी भरून वाहिली, लगेच पाण्यानं धुतलं म्हणून रंग वाचला.

पुशरॉडला 1 मिमी ढिलाई ठेवाच, कमी करू नका. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ते भोक झाकलेलं राहतं, तेल गरम होऊन फुगलं की त्याला टाकीत परत जायला वाट नाही, आणि क्लच हळूहळू स्वतःच दाबला जाऊन स्लिप व्हायला लागतो.

रिलीज बेअरिंग (लिव्हर ज्यानं प्रेशर प्लेटची बोटं दाबतो ते) जुनंच आहे, सतत टेकून फिरणारं नाही, म्हणून लिव्हरला रिटर्न स्प्रिंग ठेवली आणि स्लेव्हचा रॉड लांबी बदलता येईल असा आट्यांचा केला. म्हणजे क्लच प्लेट झिजेल तसा प्ले कमी होत जाणार आणि तो केबलसारखाच अधूनमधून तपासावा लागणार. पुढच्या वेळी गिअरबॉक्स खाली आला की बेअरिंग बदलून स्प्रिंग काढून टाकणार.

सध्या तेलाचा होज (नळी) एक्झॉस्टपासून चार बोटं लांब बांधलाय, मध्ये पत्र्याची आड अजून करायचीय. ती झाली की लांब चालवतो आणि गरम गाडीवर पुन्हा 13.8 येतात का ते मोजून टाकतो.