पहिल्या वर्षाचं इंग्लिश: कुठल्या वर्गात बसायचं, आणि का

जून लागला की फोन सुरू होतात, आणि जुलैत एपीचे, म्हणजे इथल्या हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, निकाल आले की वाढतात. "ताई, मुलीला एपी इंग्लिशला पाचपैकी चार मिळालेत, आता कॉलेजातलं इंग्लिश माफ होईल ना?" नाहीतर, "भाचा सप्टेंबरच्या आत पुण्याहून येतोय, बारावीला इंग्रजीत चांगले मार्क आहेत, त्याला परत पहिल्यापासून इंग्लिश कशाला?" मी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या ईस्ट बे भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (इथे पहिली दोन वर्षं करून मुलं विद्यापीठात बदली घेतात) पहिल्या वर्षाचं लेखन शिकवते आणि उन्हाळ्यात नव्या मुलांना वर्ग निवडायला मदत करते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. फोनवर पाच मिनिटांत जे सांगते ते अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं मत. एपीमुळे पहिला इंग्लिशचा वर्ग सुटत असेल तर सुटू द्या, पण त्याच्या पुढचा लिहिण्याचा वर्ग पहिल्याच वर्षात घ्या, शेवटासाठी ठेवू नका. आणि भारतातून आलेल्या मुलाला जादा तासाच्या आधारासकट वर्ग सुचवला, तर तो त्याचा अपमान समजू नका. आनंदाने घ्या.

आता हे का, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २०१९ पूर्वी कॅलिफोर्नियातल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत नवीन मूल आलं की त्याला संगणकासमोर बसवायचे. ॲक्युप्लेसर, आणि २०१६मध्ये बंद होईपर्यंत कम्पास, या परीक्षा. वाक्यातली चूक ओळखा, उतारा वाचून पर्याय निवडा. काही ठिकाणी छोटा निबंधही असायचा आणि तो संगणकच तपासायचा. तयारी काय करायची हे कुणी धड सांगत नसे. कित्येक मुलांना ही परीक्षा आहे हेही तिथे बसल्यावर कळायचं. त्या एका दुपारच्या गुणांवर ठरायचं की मूल थेट क्रेडिटच्या, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या, इंग्लिशमध्ये जाणार की त्याच्या एक, दोन किंवा तीन पायऱ्या खाली. खालच्या पायऱ्यांना फी लागायची, वेळ लागायचा, पण विद्यापीठात बदलीसाठीचं क्रेडिट शून्य.

मी त्या खालच्या वर्गांवरही शिकवलं आहे. मुलं वाईट नव्हती, शिक्षक वाईट नव्हते. गणितच वाईट होतं. समजा शंभर मुलं तीन पायऱ्या खालून सुरू करतात. प्रत्येक पायरीला शंभरातली ऐंशी पास होतात, हे चांगलंच प्रमाण झालं, आणि पास झालेल्यांतली ऐंशी टक्के पुढच्या सत्रात नाव घालतात. बाकीच्यांची नोकरीची पाळी बदलते, घरी कुणी आजारी पडतं, भाडं वाढतं. गुणत जा: ८०, ६४, ५१, ४१, ३३, २६, आणि शेवटी क्रेडिटचा वर्ग पास होणारी एकवीस. कोणत्याही एका वर्गात फारसं काही बिघडलेलं नाही, तरी ७९ मुलं वाटेत गेली. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेले आहेत, पण कुठलेही बरे आकडे घेऊन बघा, गुणाकार असाच खाली जातो.

त्यातून दुसरा प्रश्न असा की, मुळात ती मुलं खालच्या वर्गातली होती का? कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरने २०१२च्या सुमारास हे तपासलं. या परीक्षांमुळे बरीच मुलं चुकीच्या वर्गात जात होती, आणि तीही जास्त करून खाली ढकलली जात होती. शाळेतले चार वर्षांचे गुण त्या एका परीक्षेपेक्षा कॉलेजातल्या यशाचा अंदाज बरा देत होते. मला यात नवल वाटलं नाही. चार वर्षं वेळेवर गृहपाठ देणारं मूल कॉलेजातही तो देतं.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये एबी ७०५ कायद्यावर सही झाली आणि २०१९च्या फॉलपासून, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्रापासून, सगळ्या कम्युनिटी कॉलेजांना तो पूर्णपणे लागू झाला. कायद्याचा गाभा असा की, मूल एका वर्षात बदलीयोग्य इंग्लिश पुरं करू शकेल अशी जास्तीत जास्त शक्यता जिथे आहे तिथेच त्याला बसवायचं, आणि ते शाळेच्या गुणांवरून ठरवायचं. हायस्कूलचा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, २.६ किंवा वर असेल तर सरळ क्रेडिटचा वर्ग. त्याखाली असेल तरी क्रेडिटचाच वर्ग, फक्त सोबत आधाराचे तास. म्हणजे दार सगळ्यांना एकच. २०२२च्या एबी १७०५ने हे आणखी घट्ट केलं. कॅल स्टेट विद्यापीठांनीही त्यांची इंग्लिशचा वर्ग ठरवणारी परीक्षा बंद करून २०१८च्या फॉलपासून बिनक्रेडिटचे वर्ग काढून टाकले.

माझे काही सहकारी तेव्हा धास्तावले होते. कच्ची मुलं एकदम वरच्या वर्गात आली तर बुडतील, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. काही मुलं नापास होतातही, आणि ज्या कॉलेजांनी आधाराचे तास नुसते कागदावर ठेवले तिथे जास्त होतात. पण पूर्वी जी मुलं क्रेडिटच्या वर्गापर्यंत पोचतच नव्हती, ती आता तिथे बसून लिहितात. त्यांना परत मागे ढकलावं असं मला एकाही सत्रात वाटलेलं नाही.

भारतातून बारावी करून आलेल्या मुलाकडे इथला जीपीए नसतो. अशांसाठी बहुतेक ठिकाणी मार्गदर्शित स्वनिवड असते. मूल वर्गांची माहिती वाचतं, आपल्या आधीच्या शिक्षणाबद्दल काही प्रश्नांची उत्तरं देतं आणि आपलं आपण ठरवतं. ही कल्पना मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठातल्या डॅन रॉयर आणि रॉजर गिल्स यांनी १९९८मध्ये लेख लिहून मांडली, तेव्हा अनेकांना ती धाडसाची वाटली होती. आमच्याकडे मराठी घरांत खरी अडचण वेगळीच येते. निवड मुलाने करायची असते आणि फॉर्म बाबा भरत असतात. "आधार हवा का" या प्रश्नावर बाबा बिनदिक्कत नाही म्हणतात. माझी कळकळीची विनंती आहे, तो फॉर्म मुलाला एकट्याला भरू द्या.

कारण अशा एका मुलाचं लेखन मी जवळून बघितलं आहे. सातारा जिल्ह्यातला, बारावी सायन्स, इथे मामाकडे राहायला आलेला. व्याकरण स्वच्छ, शब्द भरपूर. आधाराचे तास त्याने स्वतःहून मागितले होते आणि मामांना ते पटलं नव्हतं. पहिला निबंध होता आपल्या परिसरातल्या एखाद्या नियमावर. त्याने पानं उडवायची पेट्रोलची यंत्रं निवडली, ती लीफ ब्लोअर. कॅलिफोर्नियात २०२४पासून बनलेली अशी नवीन पेट्रोलची यंत्रं विकण्यावर बंदी आली आहे. त्याचं पहिलं वाक्य इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं: आजच्या विज्ञानयुगात यंत्रांचं स्थान अनन्यसाधारण आहे. मग एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा, नाण्याला दोन बाजू असतात, आणि शेवटी यंत्र शाप ठरवायचं की वरदान हे माणसाच्या हातात. 'विज्ञान: शाप की वरदान' लिहून मोठे झालेले आपण सगळे हा साचा डोळे मिटून ओळखतो. बारावीच्या पेपरातल्या व्ह्यू-काउंटरव्ह्यूची तयारीही बहुतेक क्लासमध्ये अशीच पाठ करून घेतात.

संगणकाने तपासला असता तर या निबंधाला चांगले गुण मिळाले असते. चुका नव्हत्या, परिच्छेद होते, जोडशब्द जागच्या जागी होते. फक्त त्यात त्याचं स्वतःचं म्हणणं कुठेच नव्हतं.

आधाराचा तास म्हणजे आमच्याकडे आठवड्याला दोन जादा तास, तोच शिक्षक, थोडीच मुलं. तिथे मी त्याला एवढंच विचारलं, की तू राहतोस तिथे ही यंत्रं चालवतं कोण? तो दोन दिवस त्यांच्या सोसायटीत बाग राखायला येणाऱ्या माणसाच्या मागे लागला. त्या माणसाने त्याला ट्रकचा मागचा भाग उघडून दाखवला. बॅटरीचं यंत्र घेतलं होतं, पण एक बॅटरी पाऊण तासाच्या आत उतरते, म्हणून चार बॅटऱ्या जवळ बाळगायच्या, आणि गिऱ्हाईक आपल्या घराचं प्लग पॉइंट वापरू देत नाही. हे सगळं मुलाने वहीत लिहून आणलं. मग राज्याने धंदेवाईक माळ्यांना नवीन यंत्रं घ्यायला मदत म्हणून ३ कोटी डॉलर ठेवले होते ते त्याने शोधलं, आणि ती मदत या माणसापर्यंत का पोचली नाही ते विचारलं. त्याला अशी काही योजना आहे हेच माहीत नव्हतं.

पुढचा मसुदा ट्रकच्या मागच्या भागापासून सुरू झाला आणि पहिल्याच पानावर त्याचं म्हणणं आलं: बंदी योग्य आहे, पण तिचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याला मदतीची माहिती त्याच्या भाषेत, तो यंत्र विकत घेतो त्या दुकानातच मिळाली पाहिजे. या मसुद्यात व्याकरणाच्या चुका पहिल्यापेक्षा जास्त होत्या. अवघड गोष्ट सांगायला गेलं की वाक्यं मोडतात, ती नंतर नीट करता येतात. मी समासात तेच तेच प्रश्न लिहीत राहिले, हे कोण म्हणतं, तुला कसं कळलं, याला कुणी हरकत घेतली तर काय सांगशील. आणखी एकदा लिहून त्याने निबंध दिला. मला तो फार आवडला.

एपीची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. एपी इंग्लिश लँग्वेजची परीक्षा अवघड आहे, तिथे चार-पाच मिळवणाऱ्या मुलांचं मला कौतुकच आहे. पण त्या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात. त्यातली पंधरा मिनिटं वाचनाची, म्हणजे एकेकाला धड पाऊण तासही नाही. आठवडाभर माहिती शोधणं, लिहिलेलं मोडणं, पुन्हा उभं करणं याला त्यात जागाच नाही, आणि कॉलेजातलं पुढचं सगळं लेखन तसंच असतं, जीवशास्त्राच्या अहवालापासून ते नोकरीतल्या प्रस्तावापर्यंत. म्हणून पुढचा लेखनाचा वर्ग तिसऱ्या वर्षावर ढकलला की मूल इतर विषयांत अडखळतं आणि घरच्यांना कळत नाही की काय बिनसलं.

क्रेडिटचे नियम थोडक्यात सांगते. २०२५च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेजात नव्याने सुरू करणाऱ्यांना कॅल-जीईटीसी हा साचा, म्हणजे विद्यापीठात बदलीसाठी लागणाऱ्या विषयांची राज्यभर एकच यादी, लागू आहे. त्यात १ए म्हणजे लेखन, १बी म्हणजे चिकित्सक विचार आणि लेखन, १सी म्हणजे तोंडी संवाद. एपी इंग्लिशला तीन किंवा वर असेल तर १ए सुटतं. १बी एपीने सुटत नाही, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, तिसऱ्या वर्षात बदली हवी असेल तर लेखनाचे दोन वर्ग लागतात, आणि सी किंवा त्यावरची ग्रेड. पूर्वी प्रत्येक कॉलेजात या वर्गाचा नंबर वेगळा असायचा, आता पहिला वर्ग सगळीकडे इंग्लिश सी १००० आणि चिकित्सक विचाराचा सी १००१ होतो आहे, त्यामुळे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचा गोंधळ बराच कमी होईल. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांत कुठला वर्ग कुठे चालतो ते असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर बघा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून ठरवू नका. खासगी विद्यापीठं आणि इतर राज्यं आपापले नियम करतात, तिथे त्यांच्याच कार्यालयाला विचारावं लागतं.

भारतात इंजिनिअरिंगची एक-दोन वर्षं करून आलेल्यांना वाईट वाटतं ते इथे. तिकडचं कम्युनिकेशन स्किल्स कॅल-जीईटीसीच्या १ए मध्ये धरलं जात नाही, कारण परदेशी संस्थांचे वर्ग त्या साच्यात बसत नाहीत. गणित-भौतिकशास्त्राच्या वर्गांचं मूल्यमापन मात्र करून घ्याच. त्यासाठी गुणपत्रकाबरोबर विद्यापीठाचा त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम लागतो, आणि तो इथे बसून मागवायला फार त्रास होतो. निघण्यापूर्वी कॉलेजच्या कार्यालयातून शिक्का मारून घ्या.

आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांसाठी एक गोष्ट, जी त्यांना सहसा कुणी सांगत नाही. यूसीच्या बऱ्याच पदव्यांना इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट असते. सहावी किंवा त्यावरच्या इयत्तांत दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत चांगल्या गुणांनी शिकल्याचा पुरावा साधारणपणे तिथे चालतो. मग स्पॅनिशची दोन-तीन सत्रं करायची गरज राहत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या हायस्कूलच्या गुणपत्रकावर माध्यम मराठी असं लिहिलेलं नसेल, तर मुख्याध्यापकांकडून तसं पत्र इंग्रजीत घ्या आणि ते पहिल्या भेटीतच काउन्सेलरच्या समोर ठेवा.