शिक्षा संपली, पण हिशोब कुठाय?

शनिवार, रात्री उशिरा

गेले काही दिवस डोक्यात अमेरिकेतल्या फेलनीवाल्यांच्या मताधिकाराचा विषय घोळतोय, म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला मत द्यायचा हक्क असावा की नाही हा, आणि आज लिहून काढलं नाही तर झोप काही लागायची नाही. माझा कल तसा कन्झर्व्हेटिव्ह लोकांच्या बाजूला आहे. पण एका ठिकाणी गाडी अडते.

त्यांचा मुद्दा साधाच आहे. मत देणं म्हणजे सगळ्यांसाठी कायदे कोण करणार हे ठरवणं, मग ज्याने स्वतःच कायदा धाब्यावर बसवला त्याला त्यात वाटा कशाला? रॉजर क्लेग नावाचे वकील हे वर्षानुवर्षं सांगत आलेत, आणि १९६७ मध्ये जज हेन्री फ्रेंडली यांनीसुद्धा जॉन लॉकच्या सामाजिक कराराचा आधार घेऊन जवळपास हेच लिहिलं होतं. लहान मुलांना मत नसतं, परदेशी नागरिकाला नसतं, म्हणजे मताला किमान काही अट असते हे सगळेच मानतात. शिवाय कायद्याची बाजू पण भक्कम आहे, १४व्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात बंडाबरोबर 'इतर गुन्ह्या'मुळे मत काढून घ्यायचा उल्लेख आहे आणि त्याच्याच जोरावर १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी राज्यांना दोषींचं मत काढून घ्यायची मोकळीक दिली.

ह्यावर दुसरी बाजू लगेच वंशवाद काढते. काढणारच, कारण अलाबामा राज्याच्या १९०१ च्या घटनेत दोषींचं मत काढून घेणारं जे कलम घातलं ते काळ्या लोकांना मतापासून लांब ठेवायलाच घातलं होतं, ते लपवलेलं पण नव्हतं. पण ते कलम १९८५ मध्ये रद्द करणारा निकाल लिहिला कोणी, तर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी, ज्यांनी १९७४ चा निकाल लिहिला त्यांनीच! म्हणजे नियम चालेल, पण वाईट हेतूने केलेला नियम चालणार नाही. मला ही भूमिका पटते. मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या घटनेचं प्रकरण मात्र अजून घशाखाली उतरत नाही, तिथे कुठल्या गुन्ह्याने मत जाईल ह्याची यादीच आहे आणि त्यात एकीला सोडून न देता दुसरं लग्न करणं हा पण गुन्हा बसलाय. असो.

बाकी 'कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे विरोधच' असं समजणाऱ्यांची गंमत वाटते. टेक्सासमध्ये शिक्षा संपल्यावर आणखी दोन वर्षं थांबायची अट होती ती १९९७ मध्ये काढणाऱ्या कायद्यावर सही गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची. केंटकीचे सिनेटर रँड पॉल हक्क परत द्यायच्या बाजूने उघड बोललेत. २०१२ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या रिपब्लिकन डिबेटमध्ये तर रिक सँटोरम आणि मिट रॉमनी ह्याच विषयावर स्टेजवर भिडले, सँटोरमचं म्हणणं की शिक्षा भोगली, पॅरोल-प्रोबेशन (म्हणजे जेलबाहेर देखरेखीखाली काढायचा काळ) संपलं, मग मत द्यायला हवं, आणि रॉमनींचं की हिंसक गुन्हे केलेल्यांना नको. दोघेही रिपब्लिकन, आणि सँटोरमला कोणी सौम्य म्हणणार नाही! जेलमध्ये असतानाही मत द्यावं हे म्हणणारे डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स, आणि मेन, व्हरमाँट ह्या राज्यांमध्ये ते चालतंही, पण मला ते झेपत नाही.

आता गाडी अडते ते फ्लोरिडात. २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी जवळपास ६४ टक्के मतांनी घटनादुरुस्ती केली की खून आणि लैंगिक गुन्हे सोडून बाकीच्यांना शिक्षा पूर्ण झाल्यावर मत परत. नंतर २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की 'पूर्ण' म्हणजे कोर्टाचा दंड, फी, नुकसानभरपाई सगळं चुकतं करून. तत्त्व म्हणून मला ह्यात काही वावगं दिसत नाही, दंड हा शिक्षेचाच भाग आहे. पण किती द्यायचे ते कोण सांगणार? खटल्यात एका प्रोफेसरबाईंनी टीम घेऊन १५३ जणांचं रेकॉर्ड तपासलं तर तीनच जणांचे आकडे जुळले, बाकी सगळीकडे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच. तरी २०२० मध्ये अपील कोर्टाने ६ विरुद्ध ४ ने कायदा टिकवला. हे म्हणजे दुकानदाराने उधारीची वही हरवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं बाकी चुकवल्याशिवाय दारात यायचं नाही.

आणि त्याच्या पुढचं तर बघवत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बेकायदा मत दिलं म्हणून २० जणांवर कारवाई जाहीर झाली, ही खून किंवा लैंगिक गुन्ह्यातली माणसं, म्हणजे त्यांना हक्क नव्हताच, ते कबूल. पण पोलिसांच्या बॉडीकॅमचे व्हिडिओ नंतर बाहेर आले त्यात दारात उभा असलेला माणूस हातात बेड्या पडताना नुसता गोंधळलेला दिसतो, विचारतो की मत द्यायचं नव्हतं तर देऊ कशाला दिलं. बरोबरच आहे ना, बऱ्याच जणांना मतदार कार्ड सरकारनेच पाठवलेलं! सरकारवर आंधळा भरवसा ठेवू नका म्हणणारे आपण, आणि इथे सरकारच्या घोळाची किंमत त्या माणसाने मोजायची?

मग क्लेगसाहेबांचा उपाय, एकेकाचा अर्ज बघून ठरवा. ऐकायला छान. फ्लोरिडात २०१८ च्या आधी तेच होतं, गव्हर्नर आणि तीन मंत्री वर्षातून चारदा बसायचे आणि लेखी निकष काही नाहीत. २०१३ मध्ये एकजण त्यांच्यापुढे उभा राहिला, ह्याने हक्क नसताना मत दिलेलं, आणि तेव्हाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांना म्हणाला की मत तुम्हालाच दिलं, स्कॉट हसले आणि थोड्याच वेळात त्याचा हक्क परत मिळाला. दुसऱ्या कोणाला त्याच चुकीसाठी नाकारलं जायचं. एका माणसाच्या मर्जीवर नागरिकाचा हक्क ठेवणं ह्यात कन्झर्व्हेटिव्ह ते काय? व्हर्जिनियात तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांनी २०२३ मध्ये परत ह्याच वाटेने जायचं ठरवलं, त्याचं कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

मला विचाराल तर आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांचा ऑगस्ट २०२० चा आदेश सगळ्यात जवळचा वाटतो. त्या पण रिपब्लिकनच. पॅरोल-प्रोबेशन धरून शिक्षा संपली की मत परत, खुनाच्या गुन्ह्यात वेगळा अर्ज करायचा, आणि पैसे पूर्ण भरल्याशिवाय नाही अशी अट नाही. वसुली करायची तर करा ना, त्याला मताशी का बांधायचं. फक्त तो आदेश आहे, घटनादुरुस्ती नाही, ती करायचा प्रयत्न बाईंनी केला पण विधिमंडळाने पुढे नेली नाही. आयोवात हे आधी होऊन गेलंय, २००५ मध्ये एका गव्हर्नरने दिलेलं २०११ मध्ये नंतरचे गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी एका सहीत काढून घेतलं होतं, त्यामुळे पुढचा गव्हर्नर कोण येतो त्यावर परत सगळं अवलंबून.