बॉटवर विश्वास किती बसावा?

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. लोकांना खोलीपर्यंत नेताना रोबो काहींच्या बाबतीत मुद्दाम चुकला, भलत्याच खोलीत शिरून गिरक्या घेत बसला. मग धूर सोडला, आगीची घंटा वाजवली. आल्या वाटेने परत जाता येत असूनही २६ च्या २६ जण रोबोने दाखवलेल्या अनोळखी वाटेने निघाले. त्यामुळे ‘लोकांचा विश्वास वाढवायचाय’ एवढंच सांगून बॉट किंवा रोबो बनवून घेणाऱ्या क्लायंटला आधी विचारावं, किती? यंत्राला जेवढं जमतं, तेवढाच.

बँकेच्या मराठी व्हॉइस बॉटचं, म्हणजे फोनवर ग्राहकाशी बोलणाऱ्या यंत्राचं बघा. तिथे गाडी हमखास आकड्यांवर अडकते. ‘पावणेदोन लाख’ मधलं ‘पावणे’ निसटलं की सरळ पंचवीस हजारांचा फरक. म्हणून रक्कम ग्राहकाच्याच शब्दांत परत म्हणू नका, फोडून सांगा: ‘एक लाख पंच्याहत्तर हजार, बरोबर?’ चूक असेल तर लगेच कानाला खटकते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच वाटतात, तेव्हा खाते क्रमांक एकेक अंक करून घ्या.

बॉटमधली बोलणं ओळखणारी प्रणाली प्रत्येक वाक्याला, आपण ते बरोबर ऐकलं याच्या खात्रीचा ० ते १ मधला गुण देते. ०.८ म्हणजे ८० टक्के बरोबर, असं धरून चालू नका. आपल्याच कॉलपैकी काहीशे हाताने तपासा आणि ०.८ च्या आसपासचे खरोखर किती बरोबर निघाले ते पाहा. त्यावरून ठरवा: कुठे पुढे जायचं, कुठे ‘बरोबर ना?’ विचारायचं, कुठे पुन्हा सांगायला लावायचं. पैशाच्या व्यवहारात मात्र गुण कितीही असो, विचारायचंच.

शांततेचंही गणित आहे. माणसं बोलताना साधारण ०.२ सेकंदात उत्तर देतात. बॉटला सेकंद-दोन सेकंद सहज लागतात. तेवढ्यात पलीकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू होतं, बॉट तेच उत्तर समजतो आणि सगळा संवाद फिसकटतो. असे हॅलो गाळून टाका. उलट, आजोबा पासबुक बघत नंबर वाचत असतील तर पाऊण सेकंदाच्या शांततेवर त्यांना तोडू नका. त्या प्रश्नापुरती मर्यादा दोन सेकंदांवर न्या. शांतता भरायला की-बोर्डची खोटी टकटक वाजवणारे बॉटही असतात. ती लबाडी नको, ‘मी बँकेचा स्वयंचलित सहाय्यक’ हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या.

माफी एकदाच, तीही कामाची: ‘रक्कम नीट ऐकू आली नाही, पुन्हा सांगा.’ दुसऱ्यांदा फसलं की कॉल माणसाकडे द्या, आणि झालेलं बोलणं त्याच्या स्क्रीनवर दिसू द्या. नाहीतर ग्राहकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि त्याचा राग बिचाऱ्या ऑपरेटरवर निघतो.

रोबोच्या बाबतीत हाच हिशोब चेहऱ्याला लागतो. पडद्यावर मोठे डोळे आणि कॅमेरा छातीत असेल, तर लोक वस्तू डोळ्यांसमोरच धरणार आणि रोबोला ती दिसणार नाही. कॅमेरा डोळ्यांजवळ बसवा. जमत नसेल तर डोळेच काढून टाका.