पोरीची दाढ आणि आजीचे मनुके
आज पोरीला घेऊन गंगापूर रोडला डेंटिस्टकडे गेलेलो, दाढेवर काळा ठिपका दिसत होता म्हणून. डॉक्टरांनी चॉकलेट किती खाते हे नाही विचारलं, दिवसातून किती वेळा तोंड चालू असतं ते विचारलं! म्हणजे गोड खाल्लं की तोंडातले जंतू अ‍ॅसिड करतात, ते निवळायला लाळेला अर्धा तास तरी लागतो आणि आपण त्याच्या आतच परत बिस्किट देतो. मनुकेसुद्धा दाढेत चिकटून बसतात म्हणे, आता नाशकात राहून मनुके कोण बंद करणार 😄 जेवणासोबतच द्या म्हणाले. रात्री फ्लोराइडवाली पेस्ट, वाटाण्याएवढीच, आणि ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ नाही. हे आमच्या आईला कोण पटवणार देव जाणे.