गावठाणातली सामाईक भिंत

खानदेशात जुने धाब्याचे, म्हणजे तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर पाडून नवे बांधायचे, तर आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की पाडकामाला हात घालायचा आणि पावसाच्या आत जोते भरून घ्यायचे, असा सर्वसाधारण हिशेब असतो. अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनीही तसेच ठरवले होते. नकाशा त्यांनी दुसरीकडून करून घेतला होता. मी इमारतींच्या सांगाड्याचे काम पाहतो. माझ्याकडे त्यांचा फोन आला तो मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, सकाळी सकाळी. "साहेब, शेजारची भिंत आमच्याकडे येऊन राहिली," एवढेच ते म्हणाले. जेसीबी बंद करा आणि शेजारच्या घरातली माणसे बाहेर काढा, असे सांगून मी निघालो.

जुन्या गावठाणात धाब्याची घरे एकमेकांना चिकटून असतात आणि दोन घरांमध्ये भिंत एकच असते. दोन्हीकडच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या असतात. गुरुजींच्या बाजूचे धाबे उतरवले गेले, तेव्हा भिंतीला आडवा आधार देणाऱ्या त्यांच्या तुळया गेल्या. शेजारच्या आजींचे धाबे मात्र जागेवरच होते. गळती लागली की वर मातीचा नवा थर द्यायचा, या पिढ्यांच्या रिवाजाने त्याची जाडी दीड फुटांवर गेली होती. एवढ्या मातीचे वजन दर चौरस फुटाला 70 किलोंच्या पुढे जाते, तर 5 इंची स्लॅबचे सुमारे 30 किलो भरते. मातीचे घर हलके असते असे लोक सहज बोलतात, म्हणून हा हिशेब मी जागेवरच मांडून दाखवतो.

खरे कारण मात्र खाली होते. एक फूटही जागा वाया जाऊ नये म्हणून नकाशात कॉलम भिंतीला लावून घेतले होते आणि त्यांच्यासाठी भिंतीच्या कडेने सलग चर खणला होता. गावठाणाची पांढरी म्हणजे पडलेल्या घरांच्या मातीची भर, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत सहा-सात फूट खाली जावे लागले. भिंतीचा पाया जेमतेम अडीच फूट होता. पायाखालची माती एका बाजूने उघडी पडली आणि त्यात रात्रभर पाणी साचले. ओळंबा लावला तेव्हा नऊ फुटांच्या उंचीत भिंत दोन इंच बाहेर आलेली होती, आणि तुळईच्या खोबणीतून बारीक माती थांबून थांबून गळत होती.

आजी ओट्यावर बसून होत्या. "मना घरले काही व्हवाव नही ना, भाऊ?" त्यांनी विचारले. त्या माउलीला नक्की काय सांगावे, हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हते; घरात कुणी जायचे नाही, धान्याची कोठीसुद्धा आत्ता काढायची नाही, एवढेच मी सांगितले.

ठेकेदाराचे म्हणणे होते, चरात उतरून भिंतीला बल्ल्या लावू. कलत्या भिंतीखाली माणूस उतरवणे मला मान्य नव्हते. आधी मोटर लावून लांबूनच पाणी उपसले आणि समोरच्या काठावरून घमेल्यांनी मुरूम टाकून चर भरत आणला. जेसीबीच्या हादऱ्याचा भरवसा नव्हता. भिंतीचा पायथा मुरमाने दाबून धरला गेला आणि ओळंबा तासाभरात आणखी सरकला नाही, तेव्हाच गुरुजींच्याच घराच्या उतरवलेल्या सागवानी तुळया तिरप्या लावून, मध्ये फळ्या देऊन भिंत धरली. मग आजींच्या घरात तुळयांच्या टोकांखाली धिरे उभे करून धाब्याचे वजन भिंतीवरून काढले. उघड्या भिंतीवर ताडपत्री पसरली तेव्हा दुपार कलली होती.

खरा वाद त्यानंतर झाला. कॉलम भिंतीपासून तीन फूट आत घ्यावेत, त्यांचे खड्डे एकाआड एक खणावेत, एकाचे काँक्रीट होऊन तो भरून निघाल्याशिवाय शेजारचा उघडू नये, आणि भिंतीकडचा भाग पुढे काढलेल्या बीमवर तोलावा, असे मी सुचवले. गुरुजींना त्यात उशीर आणि लोखंडाचा वाढीव खर्च दिसला, आणि तो खोटा नव्हता. "भिंत अर्धी माझी आहे," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. उताऱ्यावर ती अर्धी असेल, पण पडताना अर्धी पडत नाही, असे मी म्हटल्यावर त्यांच्या सूनबाईच मध्ये बोलल्या, "मामा, साहेब म्हणतात तसंच करू." बदललेल्या नकाशावर गुरुजींनी सही केली ती त्यानंतर.

पुढचे काम दिवाळीपर्यंत लांबले. भिंतीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. भिंत हलली असती तर त्या तडकल्या असत्या. पावसाळाभर त्या शाबूत राहिल्या. आजींच्या धाब्यावरची जास्तीची माती गुरुजींनी आपल्या खर्चाने उतरवून दिली आणि तीच नव्या घराच्या जोत्यात भरायची म्हणाले. तेवढे मात्र मी करू दिले नाही. जोत्यात मुरूमच भरून घेतला.